स्लॅब '९० टक्के झाला' म्हणजे नक्की काय झालं?

ओळंबा
काल इथं एकानं लिहिलं की साइट इंजिनिअरनं संध्याकाळी पीएमला (प्रोजेक्ट मॅनेजरला) एकच आकडा द्यावा, 'स्लॅब इतके टक्के', बाकीचा रिपोर्ट म्हणजे कागद काळे करणं. हे वाचून गप्प बसवत नाही.

२०० चौरस मीटरचा, १२५ मिमी जाडीचा स्लॅब घ्या. काँक्रीट २५ घनमीटर. सेंटरिंग (काँक्रीट ओतायचा तात्पुरता साचा आणि त्याचे टेकू) लागलं, सळई बांधून झाली, इंजिनिअरनं कळवलं '९० टक्के'. पीएमनं त्यावर सकाळी ८ चं आरएमसी (प्लांटमधून गाडीनं येणारं तयार काँक्रीट) सांगून टाकलं. आता उरलेल्या दहा टक्क्यांत काय काय आहे बघा: कंड्यूट (वायरच्या नळ्या) आणि फॅन बॉक्स, प्लंबरचे स्लीव्ह (पाइपांसाठी सोडायच्या जागा), कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून वर धरणारे ठोकळे), लेव्हल, कन्सल्टंटची तपासणी. इलेक्ट्रिशियन ११ ला उगवतो. गाड्या गेटवर उभ्या. माल भरल्यापासून दोन तासांत उतरायला हवा, तो घट्ट व्हायला लागला की कुणीतरी ड्रममध्ये पाणी सोडतं. स्लॅबची ताकद तिथंच गेली, आणि त्याचं मूळ आदल्या संध्याकाळच्या त्या '९०'मध्ये.

तीन ओळी पुरतात. आज मोजून काय झालं (१० मिमी सळई ६४० किलो, सेंटरिंग १२० चौमी). काय उरलं. उरलेलं कुणामुळे अडलंय आणि कधी सुटणार. 'काम प्रगतीपथावर' हे लिहिणं तर बंदच करा, त्यातून कुणाला काही कळत नाही.

गेज अकरा
मोजून लिहा म्हणणं सोपं आहे. एका इंजिनिअरकडे तीन स्लॅब असतात. संध्याकाळी ७ ला फिटर हत्यारं आवरत असताना किलो कोण मोजणार? तीच माहिती व्हॉट्सअॅपवर फोटोसकट, एक्सेलच्या डीपीआरमध्ये (रोजच्या प्रगतीच्या रिपोर्टात), कंपनीच्या अॅपवर आणि पुन्हा लेबर रजिस्टरला. चार ठिकाणी भरायची, पीएम बघणार एक. तेवढ्या वेळात उद्याच्या सळईची कटिंग लिस्ट तयार होते.

ओळंबा
सळई तोलायची नाहीच. बीबीएसची (स्लॅबमधल्या सगळ्या सळयांच्या यादीची) प्रिंट सकाळपासून खिशात ठेवा, जो बार मार्क (यादीतला सळईचा क्रमांक) बांधून झाला त्यावर टिक करा. नग आणि कटिंग लांबी त्यातच आहे. मिमीतल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किलो. एका स्लॅबला दहा मिनिटं. चार ठिकाणांबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. ती चूक पीएमची, इंजिनिअरची नव्हे.

मोजमाप वही
टक्के सरसकट टाकू नका, पीएमला वर एक आकडा द्यावाच लागतो. वजनं काम सुरू होण्याआधी ठरवा. समजा सेंटरिंग ३५, सळई ३०, कंड्यूट-स्लीव्ह १०, तपासणी ५, काँक्रीट २०. टप्पा पुरा झाला तरच त्याचे गुण, अर्धवटाला शून्य. मग ओळंबांचा तो स्लॅब ९० वर नाही, ६५ वर आहे. सुरुवातीलाच अर्धे गुण द्यायची पद्धत मला पटत नाही. तिच्यामुळे सगळीकडे हात लागतो आणि एकही काम संपत नाही.

फ्लोअर सायकल
पटलं. काँक्रीट पडलं की १००. सात दिवसांत सगळा माल (सेंटरिंगच्या प्लेटा आणि टेकूंचे जॅक) काढून वरच्या मजल्याला.

ओळंबा
सगळा माल? सात दिवसांत? हे असं जाहीर लिहू नका, नवी मुलं वाचतात. आयएस ४५६ मध्ये (काँक्रीटच्या भारतीय कोडमध्ये) स्लॅबचे टेकू ४.५ मीटर गाळ्यापर्यंत (दोन आधारांमधलं अंतर) ७ दिवस, त्यापुढे १४. बीमचे ६ मीटरपर्यंत १४, त्यापुढे २१.

फ्लोअर सायकल
कोड मलाही पाठ आहे. फ्लॅटच्या खोल्या बहुतेक ४.५ मीटरच्या आतच असतात, म्हणजे ७ दिवस कोडप्रमाणेच झाले. उगाच घाबरवू नका.

थंडीतलं काँक्रीट
अर्धं वाक्य वाचून सात दिवस सांगताय. ती मुदत ओपीसी (साध्या पोर्टलँड) सिमेंटला, क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) नीट असेल तर, आणि तापमान १५ अंशांच्या खाली जात नसेल तर. साइटवर पोती पीपीसीची (राख मिसळलेल्या, सावकाश ताकद धरणाऱ्या सिमेंटची) असतात. निफाडकडे जानेवारीत रात्रीचा पारा १० च्याही खाली उतरतो. अशा वेळी दिवस वाढवायचे हेही त्याच कलमात आहे. खरा निकष ताकदीचा: टेकू काढताना काँक्रीटवर जेवढा ताण येणार, त्याच्या निदान दुप्पट ताकद हवी. दिवस मोजून ती कळत नाही. २५ घनमीटरला तीन सॅम्पल, प्रत्येकी तीन क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे), हे सगळे २८ दिवसांनी तपासायचे. टेकूंच्या निर्णयासाठी जादा क्यूब त्याच दिवशी भरून ठेवावे लागतात, आणि नेमके तेच कुणी भरत नाही. शिवाय वरचा ओला स्लॅब याच स्लॅबवर टेकणार, तो भार कुणी धरलाय?

फ्लोअर सायकल
बीमचं मान्य. 'सगळा माल' हे शब्द चुकले. पीपीसीचंही ठीक आहे. पण मग पीएमला सांगा की प्लेटा आणि जॅकचा दुसरा सेट आणा. एकाच सेटवर सात दिवसांची सायकल मागायची आणि कोड इंजिनिअरला ऐकवायचा, हे चालणार नाही.

मोजमाप वही
म्हणूनच रिपोर्टात स्लॅबसमोर दोन तारखा हव्यात, काँक्रीटची आणि टेकू काढायची. नुसतं '१००' दिसलं की पीएम तो माल मोकळा धरतो. दुसरा सेट लागणार हे तारखांवरून दोन आठवडे आधी कळतं.

गेज अकरा
तारखा लिहू. पण 'अडलंय' लिहिलं की मीटिंगमध्ये लिहिणाराच उभा केला जातो, म्हणून सगळे ९० लिहितात. अडथळ्याच्या ओळीपुढे पीएमनं त्याच रात्री स्वतःचं नाव आणि सोडवायची तारीख टाकावी. ते होणार असेल तर बीबीएसवर टिक करायला माझी ना नाही.

ओळंबा
ही अट रास्त आहे, माझ्या तीन ओळींत ती नव्हती. चौथी ओळ पीएमची.