दोन हमबकरांच्या गिटारवर ‘आउट ऑफ फेज’ नाद कसा मिळवावा?

पार्ककर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

मी दादरला राहतो आणि गणेशोत्सवापासून दिवाळी पहाटेपर्यंतच्या कार्यक्रमांत एका वाद्यवृंदात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. माझी गिटार गिब्सनच्या लेस पॉल धाटणीची आहे : दोन हमबकर (तारांचे कंपन विद्युत संदेशात बदलणारे, दोन कॉइलांचे पिकअप; एक मानेजवळ म्हणजे नेकला, दुसरा तारा टेकतात त्या ब्रिजजवळ), दोन व्हॉल्यूम, दोन टोन आणि तीन स्थानांचा स्विच. आमच्याकडे हार्मोनियम, कीबोर्ड आणि गायक या तिघांचाही मुक्काम मध्य सप्तकात असल्यामुळे गिटारचा भरदार आवाज त्यांच्यात मिसळून गढूळ होतो. ब्रिटिश गिटारवादक पीटर ग्रीन यांच्या ब्लूज वादनात ऐकू येणारा, किंचित नाकातून आल्यासारखा, पोकळ तरीही टोकदार नाद मला हवा आहे. अॅम्पवरचा बेस उतरवून पाहिला, पण त्याने आवाज नुसता बारीक होतो. तो पोकळपणा काही येत नाही.

मागचे झाकण उघडून पाहिले. नेकच्या पिकअपमधून एकच तार येते आणि तिच्यावर धातूची विणलेली जाळी आहे. ब्रिजचा पिकअप आधीच्या मालकाने बदललेला असून त्यातून लाल, पांढरी, काळी, हिरवी अशा चार तारा आणि एक उघडी तार बाहेर येते. एका पिकअपचा संदेश दुसऱ्याच्या उलट (‘आउट ऑफ फेज’) केला की हा नाद मिळतो, असे ऐकले आहे. मग यांपैकी कोणत्या पिकअपच्या तारा उलटवाव्यात? आणि स्ट्रॅटोकास्टर या तीन पिकअपांच्या गिटारच्या स्विचवरील दुसऱ्या व चौथ्या स्थानाला बरेच जण ‘आउट ऑफ फेज’ म्हणतात, तो हाच प्रकार आहे का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

धारित्र (प्रतिसाद)

पार्ककर, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यावरून बराच गोंधळ होतो. स्ट्रॅटच्या त्या दोन स्थानांवर शेजारचे दोन पिकअप समांतर जोडलेले असतात आणि ते फेजमध्येच असतात. तारेच्या दोन वेगवेगळ्या बिंदूंवरचा आवाज एकत्र येताना काही वारंवारता क्षीण होतात, त्यातून तो खास नाद तयार होतो. तुम्हाला हवा असलेला नाद याहून बराच टोकाचा आहे.

मूळ स्वराचे कंपन होताना तार दोन्ही पिकअपांवरून एकाच वेळी एकाच दिशेला सरकते, त्यामुळे दोन्हींतून येणारा संदेश त्या स्वरापुरता जवळपास सारखा असतो, आणि एक संदेश उलटवून दोघांची बेरीज केली की ते एकमेकांना खाऊन टाकतात. वरच्या हार्मोनिकांत (मूळ स्वराच्या पटीतल्या वरच्या स्वरांत) मात्र तार अनेक भागांत विभागून डोलते. एका पिकअपवर ती वर जात असताना दुसऱ्यावर खाली येत असू शकते, म्हणून तो भाग उरतो, काही ठिकाणी बळावतोही. ही वजाबाकी प्रत्येक तारेवर वेगळ्या वारंवारतेला होते, तर अॅम्पचा नॉब सगळ्या तारांना एकच माप लावतो. नुसता बेस उतरवून तो पोकळपणा का येत नाही, याचे उत्तर यातच आहे. यावरून हेही लक्षात येईल की एकच पिकअप चालू असताना फेज उलटवल्याने ऐकण्यात काही फरक पडत नाही. परिणाम दिसतो तो स्विच मधल्या स्थानी असतानाच.

आता तारांविषयी. नेकच्या पिकअपला अजिबात हात लावू नका. जाळीच्या केबलमध्ये ती जाळी हाच कॉइलचा एक टोकाचा जोड असतो, आणि पिकअपची धातूची तळपट्टी व वरचे आवरण तिलाच जोडलेले असते. ही जोडणी उलटवली तर जाळी आणि आवरण संदेशाच्या बाजूला जातात, त्यांचा अँटेनासारखा उपयोग होऊन हम (विजेची गुणगुण) वाढतो, आणि ती उघडी जाळी आतल्या ग्राउंडच्या कुठल्याही भागाला टेकली की आवाजच बंद.

तुमचा मार्ग ब्रिजच्या पिकअपमधून जातो. तेथे दोन्ही कॉइलची टोके स्वतंत्र असून उघडी तार केवळ आवरणासाठी आहे. ती काहीही झाले तरी ग्राउंडलाच राहिली पाहिजे. रंगांवर मात्र विसंबू नका. सेमूर डंकन या पिकअप कंपनीच्या पद्धतीत काळी तार हॉट (संदेश नेणारी), हिरवी ग्राउंड आणि लाल-पांढरी एकत्र जोडलेली असते. डिमार्झिओ या दुसऱ्या कंपनीत लाल हॉट, हिरवी ग्राउंड आणि काळी-पांढरी एकत्र असते. एकत्र जोडलेल्या जोडीला न छेडता बाकीच्या दोन तारांची अदलाबदल करायची आहे.

कायमची अदलाबदल करण्यापेक्षा ब्रिजच्या व्हॉल्यूमच्या जागी पुश-पुल पॉट (नॉब ओढला की स्विचही बदलणारे नियंत्रण) बसवावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. त्याच्या तळाशी स्विचचे सहा पाय असतात. मधल्या दोन पायांवर पिकअपची दोन टोके द्या. वरच्या दोन पायांपैकी एक व्हॉल्यूमच्या प्रवेशाला आणि दुसरा ग्राउंडला जोडा. मग वरचे दोन आणि खालचे दोन पाय एकमेकांना तिरके, फुलीसारखे जोडा. नॉब खाली असताना नेहमीचा आवाज, ओढला की उलट फेज. बाजारात योग्य पॉट मिळाला नाही तर मुंबईत इलेक्ट्रॉनिक सामानाच्या लॅमिंग्टन रोडवर सहा पायांचा साधा टॉगल स्विच सहज मिळतो, पण त्यासाठी गिटारला छिद्र पाडावे लागेल.

हमची चिंता नको. प्रत्येक हमबकर स्वतःपुरता हम रद्द करतो, त्यामुळे दोघांमधील फेज बदलल्याने तो परत येत नाही.

सहा_तारा (प्रतिसाद)

धारित्र यांनी जोडणी नेमकी सांगितली आहे. मी वादकाच्या बाजूने एक गोष्ट जोडतो, कारण जोडणी केल्यावर बरेच जण निराश होऊन स्विच विसरून जातात.

दोन्ही व्हॉल्यूम १० वर ठेवले तर वजाबाकी सर्वांत जास्त होते आणि गिटारचा प्राणच निघून गेल्यासारखे वाटते. खरा नाद दोन्हींच्या असमतोलात आहे. एक व्हॉल्यूम १० वर ठेवून दुसरा हळूहळू ८ किंवा ७ पर्यंत उतरवा. खालचा भाग कणाकणाने परत येऊ लागतो आणि एका विशिष्ट जागी नाद अचानक बोलका होतो. ती जागा प्रत्येक गिटारवर वेगळी असते, म्हणून कार्यक्रमाआधी निवांत बसून शोधावी. ब्रिज खाली घेतला तर आवाज गोल होतो. नेक खाली घेतला तर तो अधिक धारदार होतो, आणि हार्मोनियमच्या गर्दीतून वाट काढण्यासाठी तुम्हाला बहुधा हाच उपयोगी पडेल. पिकअपची उंची स्क्रूने थोडी कमी-जास्त करूनही हाच समतोल साधता येतो. एकूण आवाज घटतो, तेव्हा अॅम्प त्या हिशोबाने लावा.

गिरगावकर (प्रतिसाद)

पुश-पुलला माझा विरोध नाही, परंतु ज्या नादाचा उल्लेख झाला आहे तो स्विचने मिळालेला नव्हता, हे सांगणे आवश्यक वाटते. पीटर ग्रीन यांच्या १९५९ च्या लेस पॉलमध्ये नेकच्या पिकअपचे चुंबक उलटे बसलेले होते. हीच गिटार पुढे गिटारवादक गॅरी मूर यांच्याकडे आणि नंतर मेटॅलिकाच्या कर्क हॅमेट यांच्याकडे गेली. याउलट क्वीन बँडच्या ब्रायन मे यांच्या रेड स्पेशल या गिटारवर तिन्ही पिकअपांना स्वतंत्र फेज स्विच आहेत. दोन्ही वाटा तितक्याच प्रतिष्ठित आहेत.

चुंबक उलटवण्याचा फायदा असा की जाळीची केबल जशीच्या तशी राहते, कुठेही नवा डाग (सोल्डरचा जोड) द्यावा लागत नाही. तळपट्टीचे चार स्क्रू सैल करून दोन कॉइलांमधली चुंबकाची पट्टी लांबीच्या दिशेने सरकवून बाहेर काढतात. येथे काळजी हवी : या पट्टीचे ध्रुव तिच्या दोन लांब कडांवर असतात. बाहेर काढण्यापूर्वी एका लांब कडेवर मार्करने खूण करा आणि आत घालताना ती कड समोरच्या कॉइलकडे जाईल असे पाहा. पट्टी टोकावर टोक उलटून परत घातली तर पालथी होऊनही कडा जागच्या जागीच राहतात आणि श्रम वाया जातात. धातूचे आवरण असेल तर ते काढण्यासाठी मात्र डाग वितळवावे लागतील, आणि आत मेण भरलेले असेल तर काम हळू करावे, कारण कॉइलची तार केसापेक्षा बारीक असते. स्ट्रॅटच्या सिंगल कॉइलवर हा प्रयोग करू नये. अनेक पिकअपांत तार थेट चुंबकांवरच गुंडाळलेली असते आणि चुंबक हलवताना ती तुटते.

पार्ककर (पुढील प्रश्न)

सर्वांचे मनापासून आभार. ब्रिजवर पुश-पुल बसवण्याचे ठरवले आहे. दोन शंका उरल्या. मधल्या स्थानी एक व्हॉल्यूम पूर्ण बंद केला की दोन्ही पिकअप गप्प होतात. मग समतोल कसा साधायचा? आणि काम झाल्यावर फेज खरोखर उलटली का, हे कानाखेरीज कसे तपासावे?

धारित्र (प्रतिसाद)

१० पासून ६ पर्यंतच्या पट्ट्यात ही अडचण फारशी जाणवत नाही, म्हणून आहे तीच जोडणी ठेवावी असे मी सुचवेन. व्हॉल्यूम पूर्णपणे स्वतंत्र हवे असतील तर पॉटच्या मधल्या पायावर पिकअप आणि बाजूच्या पायावर स्विचकडे जाणारी तार, अशी अदलाबदल करता येते, पण तसे केल्यास नॉब खाली घेताना आवाजाची चमक अधिक लवकर जाते. तुम्हाला धार हवी आहे, तेव्हा हा व्यवहार तोट्याचा ठरेल.

तपासणीसाठी गिटारला केबल लावा, दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर २० किलोओहमच्या पल्ल्यावर जोडा. स्विच नेकवर ठेवून स्क्रू ड्रायव्हरची लोखंडी दांडी पिकअपवर आडवी टेकवा आणि झटकन उचला. उचलताना आकडा क्षणभर वर जातो की खाली येतो, ते पाहा. मग ब्रिजवर तेच करा, आधी नॉब खाली ठेवून आणि नंतर ओढून. ओढल्यावर ब्रिजचा आकडा नेकच्या विरुद्ध दिशेला उडाला तर जोडणी बरोबर झाली.

नाद फारच पातळ वाटला तर त्या फुलीतल्या एका तिरक्या तारेऐवजी, म्हणजे नॉब ओढलेला असताना हॉटकडे जाणाऱ्या तारेऐवजी, ०.०२२ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावा. त्यामुळे ब्रिजचा खालचा भाग अडतो, नेकचा खर्ज शाबूत राहतो आणि वजाबाकी केवळ मधल्या व वरच्या भागात होते. आधी कपॅसिटरशिवाय एखादा कार्यक्रम वाजवून पाहा.