सायकलचं हँडल पोटात लागलं, आता स्वादुपिंडाचं ऑपरेशन?

सुदामानगरची_आई (इंदूर)
मुलगा ९ वर्षांचा. १२ दिवसांपूर्वी गल्लीत सायकलवरून पडला आणि हँडलचं टोक पोटात रुतलं. रबरी मूठ कधीच निघाली होती, नुसती नळी. बेंबीच्या वर रुपयाएवढा गोल निळा वळ, बाकी खरचटलंसुद्धा नाही. रात्री उलट्या झाल्या, तर जवळच्या दवाखान्यात गॅस म्हणून सिरप दिलं. तिसऱ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं. सीटीत स्वादुपिंडाला मार निघाला, आता शेजारी पाण्याची गाठही झालीय, साडेसहा सेंटीमीटरची. सर्जन म्हणतात, थांबू. सासूबाईंचं मुंबईला न्या, ह्यांचं एकदाचं कापून मोकळे होऊ. थांबणं म्हणजे हयगय तर नाही ना?

रामबागचा_बाबा
ताई, ३ वर्षांपूर्वी मीही हेच विचारत फिरत होतो. लेक ११ वर्षांची, तिलाही हँडलच. स्वादुपिंड कण्याला आडवं टेकून असतं. पुढून हँडल, मागून कणा, ते मध्ये चेंगरतं. सुरुवातीचे काही तास अमायलेजही (स्वादुपिंडाला मार लागला की रक्तात वाढणारं एन्झाइम) नॉर्मल येऊ शकतं, म्हणून गॅस म्हणणाऱ्यावर मी आता चिडत नाही. तेव्हा खूप चिडलो होतो.

तुम्ही आधी हे विचारा की स्वादुपिंडातली मधली नळी शाबूत आहे का. एमआरसीपी, म्हणजे ती नळी दाखवणारं एमआरआय, झाली? नळी धड असेल तर बहुतेक मुलांचं ऑपरेशनशिवाय भरून येतं. आमच्या लेकीची कण्याच्या डावीकडे पार तुटली होती, म्हणून शेपटाकडचा भाग काढावा लागला. प्लीहा अगदी चिकटून असते, तरी सर्जननी ती वाचवली. प्लीहा गेली असती तर न्यूमोकोकससारख्या जंतूंची धास्ती जन्मभर, वर लशी वेगळ्या. उरलेल्या स्वादुपिंडावर लेकीचं छान चाललंय, फक्त शुगर अधूनमधून तपासतो.

गाठीचं म्हणाल तर तिची भिंत आत्ता कोवळी असते, टाका धरत नाही. ४ ते ६ आठवड्यांत ती जाड होते, आणि कित्येक गाठी तोवर आपोआप जिरतात. नाहीच जिरली तर दुर्बिणीतून जठरात वाट काढून देतात, पोट उघडावं लागेलच असं नाही. ते ६ आठवडे मात्र बापाला खातात, हे खरं.

आणि सियागंज बाजारातून हँडलच्या मुठी आणून बसवा. मी शेजारच्या पोरांच्या सायकलींनाही बसवल्या, भिया लोक हसले.

निवृत्त_सिस्टर (बडोदा)
बाबांनी लिहिलंय ते बरोबर. फक्त ताप, वाढती पोटदुखी, रक्ताची उलटी, काळी शी किंवा एकदम पांढरंफटक पडणं, यातलं काही दिसलं तर थांबायचं नाही, तडक न्यायचं. नाकातून नळी घातलीय का?

सुदामानगरची_आई
हो, जठराच्या पुढे आतड्यापर्यंत. सारखी तुंबते.

निवृत्त_सिस्टर (बडोदा)
प्रत्येक फीडनंतर कोमट पाण्याने धुवायची, पाणी किती ते वॉर्डात विचारून घ्या. तारेने वगैरे खुपसू नका, एकाने केलेलं पाहिलंय. गालावरची टेप रोज जरा सरकवून लावा, कातडी सोलते.

सुदामानगरची_आई
एमआरसीपी गुरुवारी ठरली. स्वादुपिंडातल्या नळीचं हेच ह्यांनाही वाचून दाखवलं, ऐकून घेतलं. मुलगा विचारतोय, पोह्यांवरची शेव मिक्सरमधून काढली तर नळीतून जाईल का.

रामबागचा_बाबा
नाही म्हणावं. आमचीने जिलबीचं विचारलं होतं.