भूप बँडवर बसवताना खाली कॉर्ड घालावेत का?

मंगळवारपेठकर: आमच्या कॉन्सर्ट बँडसाठी भूप रागातली एक बंदिश बसवतोय. पहिल्या आराखड्यात हॉर्न आणि ट्रॉम्बोनला पानभर कॉर्ड (एकदम वाजणारे तीन-तीन स्वर) आहेत. मला हे अजिबात पटलेलं नाही. भूपात म आणि नी वर्ज्य, म्हणजे लावायचेच नाहीत. म-ध-सा वाजवा नाहीतर प-नी-रे, भूप तिथेच संपतो. उरतात सा-ग-प आणि ध-सा-ग. त्यातला दुसरा लांबवला की धैवतावर (ध वर) वजन पडतं आणि देशकार, म्हणजे याच स्वरांचा पण ध ला महत्त्व देणारा राग, डोकावतो. जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांच्या कोल्हापुरात तरी हे खपवून घेऊ नये. ट्यूबा-युफोनियम या खालच्या सुरांच्या वाद्यांना सा-प द्या, बास.

युफोनियमवाला: दादा, मैफलीत तानपुरा पुरतो, कारण गळ्यात मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) असते, कण (शेजारच्या स्वराचा निसटता स्पर्श) असतात. ट्रम्पेटला तीन वाल्व्ह, त्यावर मींड जेमतेम. ट्रॉम्बोनची नळी सरकते, पण एका फुंकेत जास्तीत जास्त सहा अर्धस्वर. एवढं सगळं गेल्यावर नुसत्या सा-प वर बँड पोकळ वाजतो. हॉर्नना दबक्या आवाजात सा-रे-प द्या की! त्यात कुठला वर्ज्य स्वर आला?

मंगळवारपेठकर: सा-रे-प ऐकून बघू. पण मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) गंधारावर, म्हणजे ग वर, थांबतो तिथे खाली रे नको, घासतो.

रंकाळाकर: मिरवणुकीत सगळे एकच चाल वाजवतात, तरी लोक थांबून ऐकतात. कॉर्ड हवेत कशाला?

युफोनियमवाला: मिरवणुकीत ढोल-ताशा साथीला असतो, माणूस चालता चालता ऐकतो. सभागृहात बसून तेच ऐकलं की सपाट लागतं.

क्लॅरिओनेटवाली: कॉर्डचं राहू दे, आधी सा कुठे धरलाय ते बघा. आराखडा काळी पाचमध्ये आहे, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी हा सा. मधल्या सप्तकात आमच्या ध ला जवळजवळ सगळी भोकं उघडी आणि सा ला जवळजवळ सगळी बंद. भूपात ध-सा पावलोपावली येतो, नवी पोरं तिथेच अडखळतात. काळी दोन घ्या. मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापासून मधल्या सप्तकातल्या पंचमापर्यंत सगळं आमच्या एकाच पट्ट्यात बसतं. ट्रम्पेटला तीच चाल एक सप्तक खाली द्या, त्यांचाही दम टिकेल.

युफोनियमवाला: ताई, काळी दोन चालेल. हॉर्नचे पार्ट मी परत लिहितो. पण अंतऱ्यात सा-ग-प ठेवणारच.

मंगळवारपेठकर: सा-ग-प ला माझी हरकत नाही. ध-सा-ग तेवढा काढा. आणि खालचा सा-प दोघांत वाटून द्या, एकाने श्वास घेतला तरी दुसऱ्याचा सूर चालू राहील.