सेनेफच्या लढाईत नेमकं जिंकलं कोण?

प्रश्न (भुसावळ):
राम राम मंडळी, ११ ऑगस्ट १६७४ ची सेनेफची लढाई वाचतोय, आजच्या बेल्जियममधली, फ्रान्सचा सेनापती काँदे विरुद्ध डचांचा सेनापती ऑरेंजचा विल्यम, आणि दोघंही म्हणतात आम्हीच जिंकलो. मग खरं काय?

उत्तर १ (पारोळा):
भाऊ, सकाळपुरता काँदे जिंकला. विल्यमचं सैन्य लांबलचक रांगेत चाललेलं, त्याने पिछाडीवर झडप घातली, सामानाच्या गाड्या पकडल्या. तिथंच थांबायला पाहिजे होतं! पण तो पुढे फाय गावावर चालून गेला, तिथं कुंपणं, फळबागा, घरं, प्रत्येक कुंपणामागे बंदूकवाले. आपल्या केळीच्या बागेत चार हात पुढचं दिसत नाही ना, तसल्या जागेत रात्र होईपर्यंत माणसं मरत राहिली. फ्रेंचांची १०,००० च्या आसपास पडली, समोरच्यांची त्याहून जास्त.

उत्तर २ (यावल):
आणि रात्री दोन्ही फौजा मागे सरकल्या. विल्यमने पुढे फ्रेंचांच्या ताब्यातल्या औदेनार्द शहराला वेढा घातला, तोही उठवावा लागला, फ्रान्स-डच युद्ध चाललं थेट १६७८ पर्यंत. दोनच महिने आधी, ६ जूनला, रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक झालेला, हे आठवलं की ते साल एकदम जवळचं वाटतं.

प्रश्नकर्ता:
धन्यवाद भो, त्या कुंपणांचं माहितीच नव्हतं, आता नकाशा काढून बसतो.