ट्रक उभे राहिले, त्याबद्दलही देवाचे आभार मानायचे?

कुशावतीकाठ

परवा आमच्या प्रार्थना गटात एक मनन फिरत आलं. त्यात लिहिलं होतं की धंदा बुडाला तरी विश्वासणाऱ्याच्या तोंडून पहिला शब्द ‘धन्यवाद प्रभू’ हाच निघाला पाहिजे. जो कुरकुर करतो त्याचा विश्वास कच्चा. पुढे तर कहरच: खाणी बंद पडल्या तेव्हा ज्यांनी आभार मानले त्यांना देवाने दुसरी वाट दाखवली. खाली थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रातलं वचन, ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’.

दोन रात्री झोप नाही, म्हणून लिहिते. माझं माहेर नगरचं, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर. लग्न होऊन गोव्यात, खाणींच्या भागातल्या सावर्ड्याला आले. आमचे दोन टिपर होते, दोन्ही कर्जावर. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि ट्रक अंगणात उभे राहिले. टायरांत गवत वाढलं. हप्ते थांबले नाहीत. तिसऱ्या महिन्यात मंडळीतल्या (चर्चमधल्या) एक बाई आल्या, चहा घेतला आणि माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, ‘या परीक्षेबद्दल देवाचे आभार मानलेत का?’ ते उठून परसात निघून गेले. त्यानंतर चार वर्षं ते उपासनेला आले नाहीत.

मी मात्र रोज सकाळी आभार मानत होते. दात आवळून. ते आभार नव्हते, ती भीती होती, की नाही मानले तर अजून काहीतरी जाईल.

एका रात्री मी त्यांना स्तोत्र १३ वाचून दाखवलं. ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ ते म्हणाले, ‘हे बायबलात आहे?’ आहे. आणि असं एकच नाही. दीडशे स्तोत्रांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त विलापाची आहेत. ८८वं तर अंधारातच संपतं, शेवटी एकही आशेची ओळ नाही. ती आपण उपासनेत कधी वाचतो?

आणि ते पत्र लिहिणाऱ्या पौलाचा मूळ ग्रीक शब्द बघा, ‘एन पान्ती’. सर्व स्थितीत. सर्व गोष्टींबद्दल नव्हे. बुडालेल्या धंद्यात राहूनही देवाशी बोलणं तोडू नका, एवढंच तो म्हणतो. धंदा बुडाल्याबद्दल पेढे वाटा असं म्हणत नाही.

सासष्टीकार

ताई, तुमचं दुःख खरं आहे, पण तुमचा अर्थ सोयीचा आहे. इफिसकरांस पत्र ५:२० उघडा. तिथे तोच पौल ‘सर्व गोष्टींबद्दल सर्वकाळ’ म्हणतो. ग्रीकमध्येही ‘बद्दल’च आहे. एक वचन दाखवायचं आणि दुसरं झाकायचं, हे बरं नव्हे.

माझे पाय (वडील) तारवटी (जहाजावर काम करणारे) होते. मी नऊ वर्षांचा असताना पेटीतून घरी आले. त्या रात्री माझ्या आईने आम्हा चौघा भावंडांना खुर्सापुढे (क्रुसापुढे) गुडघ्यांवर बसवून पुरा तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हटला. शेवटी म्हणाली, ‘देवा, देव बरें करूं.’ कोंकणीत आभार असेच मानतात. मनात काय होतं ते तिलाच ठाऊक. पण त्या सवयीवर आमचं घर उभं राहिलं. मन तयार होईपर्यंत ती थांबली असती तर आम्ही कुठे असतो? कृतज्ञता ही भावना नाही, शिस्त आहे. आजच्या लोकांना शिस्त नको, नुसतं मोकळं व्हायचं असतं.

फोंडेकर

मी ख्रिस्ती नाही, कीर्तनाला जाणारा माणूस. पण तुकोबांचं काय करणार? दुष्काळात दुकान बुडालं, बायको अन्नावाचून गेली, आणि तेच म्हणाले, देवा, दिवाळं निघालं ते बरंच झालं. ते काय भीतीपोटी म्हणाले?

बार्देसकार

एक विचारू? ‘उपकारस्तुती’ हा शब्द गोंयच्या कुठल्या किरिस्तावाच्या घरात ऐकलात? आम्ही ‘देव बरें करूं’ म्हणतो. ‘मनन’, ‘मंडळी’, ‘विश्वासणारा’ हे सगळं घाटावरून आलेलं. आमची मीस (चर्चमधली उपासना) कोंकणीत होते, लदीन (सामुदायिक प्रार्थना) खुर्सापुढे होते. बाहेरची मराठी आणून इथला विश्वास शिकवू नये.

डिचोलीकर

बाहेरची मराठी? फादर स्टीफन्स हे इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये इथेच, सासष्टीत, रायतूरला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार मराठी ओव्या. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराण ऐकायची सवय होती, त्यांच्यासाठी ते लिहिलं. म्हणजे गोव्यातली ख्रिस्ती भक्ती चारशे वर्षांपूर्वी मराठीत ओवी म्हणत होती. आधी घरचा इतिहास वाचा.

बार्देसकार

वाचलाय. त्याच स्टीफन्सने कोंकणीचं व्याकरण लिहिलं आणि कोंकणीत दोत्रीनही (धर्मशिक्षणाची पुस्तिका) लिहिली, ते का सांगत नाही? पोर्तुगीजांच्या १६८४ च्या फर्मानाने लोकांना तीन वर्षांत कोंकणी सोडायला सांगितलं होतं. माझी वडील माय (आजी) त्याच भाषेत प्रार्थना करत मेली. आणि मराठी शाळेत मास्तर मला म्हणत, ‘तुझी बोली वर्गाबाहेर ठेव.’ सात वर्षांचा होतो. पन्नास वर्षं झाली, अजून कानात आहे.

डिचोलीकर

आणि १९८७ च्या कायद्यानंतर आमच्या मराठीला राजभाषेचा मान नाही, नुसती वापरायची मुभा. माझी आई आयुष्यभर मराठीतच भजनं म्हणत आली. तिला पाहुणी ठरवणारे तुम्ही कोण?

बार्देसकार

तुमच्या आईला मी पाहुणी म्हटलेलं नाही. तोंड सांभाळून लिहा.

कुशावतीकाठ

दोघेही थांबा. माझ्या अंगणातल्या ट्रकवरून तुम्ही राजभाषेवर पोचलात. बार्देसकार बाब, मास्तरांनी जे केलं ते वाईटच केलं. पण मला देव मराठीत भेटला. नारायण वामन टिळक म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. माझी आजी त्यांचे अभंग म्हणत दळण दळायची. ती भाषा मी सावर्ड्याच्या वेशीवर ठेवून येऊ का? तरी एक कबूल करते. ‘देव बरें करूं’ मला ‘उपकारस्तुती’पेक्षा जास्त आवडतं. त्यात जे झालं ते बरं झालं असं नाही, देव बरं करो असं आहे. मागणंही त्यातच आलं.

फोंडेकर, तुकोबा स्वतःच्या दिवाळ्याबद्दल बोलले. देहूच्या कुणी शेजाऱ्याने येऊन त्यांना ते म्हणायला लावलं नव्हतं. आणि विठ्ठलाशी त्यांच्याइतकं भांडलं कोण?

फोंडेकर

भांडले, हे खरं. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

वॉर्डातली नर्स

दुसरी बाजू सांगते. तुम्ही सगळे वचनांवर भांडता. मी रात्रपाळीला असते. पेशंटचे नातेवाईक ‘कुरकुर नको, विश्वास ठेव’ म्हणतात तेव्हा पेशंट दुखतंय हे आम्हालाही सांगेनासा होतो. एका आजींनी अख्खी रात्र वेदना लपवल्या, कारण मुलगा म्हणाला होता की देवाला तक्रार आवडत नाही. सकाळी पोट दगडासारखं लागलं हाताला. विश्वासाच्या नावाने माणसाला गप्प करू नका, हात जोडून सांगते.

सासष्टीकार

हे मला पटतं. वेदना लपवायला सांगणारा विश्वास माझ्याही आईचा नव्हता. पण कुशावतीकाठ ताईंनी इफिसकरांचं उत्तर दिलेलं नाही.

कुशावतीकाठ

देते. ते वचन मला अडतं. झाकलं होतं हेही खरं, लिहिताना ते मला आठवलं होतं. ग्रीकच्या आधाराने मी जिंकायला बघत होते, ते चुकलं. कदाचित एखाद्या दिवशी मलाही त्या ट्रकांबद्दल आभार मानता येतील. आज येत नाहीत. एक भंगारात गेला, दुसरा निम्म्याहून कमी भावात विकला.

पण बायबलातल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांचं तुम्हीच सांगा. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळं ठीक होतं. तोंड उघडून देवाची बाजू मांडायला लागले आणि बिघडलं. शेवटच्या अध्यायात देव रागावतो तो त्या मित्रांवर. माझा सेवक ईयोब जे बोलला ते यथार्थ, तुम्ही बोललात ते नाही, असं म्हणतो. ज्याने जन्मदिवसाला शाप दिला त्याच्याबद्दल! मग मनन लिहिणारे आम्हाला कच्चे कसे ठरवतात?

आणि तुमच्या आईबद्दल एक विचारते, राग मानू नका. त्या रात्री ‘देव बरें करूं’ म्हण असं त्यांना कुणी सांगितलं होतं?

सासष्टीकार

नाही. कुणीच नाही. शेजारच्या फोंडू मावशी आल्या होत्या. मडकंभर पेज आणि खारं आणलं, आम्हा पोरांना वाढलं आणि पहाटेपर्यंत आईशेजारी बसून राहिल्या. एक शब्द बोलल्या नाहीत.

तरी शिस्तीबद्दल मी म्हटलं ते मागे घेत नाही.

कुशावतीकाठ

घेऊ नका. तुमच्या आईने ती कमावली होती. त्या बाई आमच्याकडे चहा पिऊन गेल्या, पेज आणली नव्हती.