लेव्ही ओरडतो, पण मुद्दाम

फोर टॉप्स या चार अमेरिकन गायकांच्या सोल गटाची ग्रेटेस्ट हिट्स सलग ऐकली की सगळी गाणी एकसारखी वाटतात, मुख्य गायक नुसता ओरडतो, अशी एक तक्रार वाचली. पहिलं अर्धं मान्य. ठेका आणि डफलीचा खुळखुळाट बऱ्याच गाण्यांत तोच आहे. ओरडण्याचं मात्र तसं नाही. मुख्य गायक लेव्ही स्टब्सचा आवाज मुळात खर्जाकडे झुकणारा, पण हॉलंड-डोझियर-हॉलंड हे त्यांची गाणी लिहिणारं, बसवणारं त्रिकूट त्याला मुद्दाम वरच्या पट्टीत गायला लावायचं. आवाज ताणला जातो तिथेच ती आर्तता येते. १९६७चं 'बर्नाडेट' हेडफोन लावून ऐका. शेवटाकडे वाद्यं गप्प होतात, गाणं संपलं असं वाटतं आणि हा एकटा तिचं नाव घेऊन हाक मारतो. पहिल्यांदा ऐकताना मी थांबवायला बोट पुढे नेलं होतं, दचकलोच.

आणखी एक, मागचे उंच स्वर फक्त या चौघांचे नाहीत. ते बरेचदा अँडान्टीज नावाच्या तीन बायकांचे आहेत. मोटाउन या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीच्या कितीतरी रेकॉर्डवर त्या गायल्या, नाव मात्र क्वचितच छापलं गेलं. बाकी हेच चौघे १९५०च्या दशकापासून १९९७पर्यंत, त्यांच्यातला लॉरेन्स पेटन वारेपर्यंत, एकत्र राहिले. सतत गायक बदलणाऱ्या टेम्प्टेशन्स या मोटाउनच्याच दुसऱ्या गटाने हे जरा बघावं!