घरासाठी बिया दळून कॉफी करणारं ऑटोमॅटिक मशीन: सोलापुरात कुठलं घ्यावं?

विजापूर_रोड:
नमस्कार मंडळी. घरात चौघं, दिवसाला सहा ते आठ कप. निम्मे दुधाचे, निम्मे बिनदुधाचे. बजेट साठ हजारांपर्यंत. डेलाँगी मॅग्निफिका एस (हाताने वाफ द्यायची नळी असलेलं) आणि फिलिप्स ३२०० लाटेगो (दुधाचा फेस आपोआप करणारं) या दोनांवर गाडी अडली आहे. पडलेले प्रश्न असे:
१) कुणी १५ बार म्हणतं, कुणी १९. जास्त बार म्हणजे कॉफी जास्त चांगली का?
२) आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, एरवी बोअर. प्यायला आरओ. मशीनच्या टाकीत यातलं कुठलं भरायचं?
३) घरात चिकोरीवाली फिल्टर कॉफीची पावडर बरीच पडून आहे. ती यात चालेल का?

चोथा_बहाद्दर:
बारचा विषय आधी मिटवतो. तो आकडा पंपाच्या कमाल दाबाचा. एस्प्रेसो उतरते ती साधारण ९ बारला. १५ झाले, १९ झाले, कपात फरक पडत नाही. त्या स्टिकरचे पैसे देऊ नका.

खरा मुद्दा पाणी. बोअरचं पाणी टाकीत अजिबात नको. पाणी तापवणाऱ्या अरुंद नळीत क्षार बसतात, मग धार बारीक होते, कॉफी कोमट येते आणि पंप घरघरायला लागतो. आरओचं पाणी भरा, पण अगदी कोरडं करून नको. टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ३०-४० वर आणलेल्या पाण्यात कॉफी बेचव लागते. बऱ्याच आरओंना आत टीडीएसचा स्क्रू असतो, तो फिरवून घेऊन १०० ते १५० च्या दरम्यान ठेवा.

पाण्याच्या कडकपणाचं सेटिंग पहिल्याच दिवशी लावा. मशीन क्षार मोजत नाही, फक्त किती पाणी गेलं ते मोजतं आणि तुम्ही सांगितलेल्या कडकपणावरून डीस्केलिंगचा (आतले क्षार काढायचा) दिवा लावतं. सेटिंग 'मऊ' आणि टाकीत बोअरचं पाणी असं झालं तर दिवा लागेपर्यंत नळी गच्च झालेली असते. दिवा लागला की कंपनीचं द्रावण वापरा. व्हिनेगर नको, त्याने रबराचे वायसर खराब होतात. लिंबूसत्त्वही टाळलेलं बरं, गरम पाण्यात त्याचाच चुन्याबरोबर साका बसू शकतो.

फिलिप्सच्या टाकीत बसणाऱ्या ॲक्वाक्लीन फिल्टरची '५००० कप डीस्केलिंग नाही' ही जाहिरात वेळच्या वेळी आठ फिल्टर बदललेत तरच लागू. आरओचं पाणी भरणार असाल तर तो खर्च कशाला?

अशोक_चौक:
वरचं सगळं बरोबर. माझ्याकडून विजेचं आणि ब्रू युनिटचं.

ही मशीनं १४५०-१५०० वॅटची, म्हणजे २३० व्होल्टला साडेसहा अँपिअरच्या आसपास. मिक्सरचा ६ अँपिअरचा पॉइंट पुरत नाही, १६ चा लागतो आणि अर्थिंग नीट हवं. ट्रॉली बोर्ड तर नकोच. संध्याकाळी व्होल्टेज खालीवर होत असेल तर २ केव्हीएचा स्टॅबिलायझर लावा, कारण झटक्यात आधी जातं ते कंट्रोल कार्ड. घरातल्या नेहमीच्या इन्व्हर्टरवर हे चालत नाही.

ब्रू युनिट म्हणजे आतला कॉफी दाबणारा भाग. तो हाताने निघणारा हवाच, ही अट सोडू नका. तुमच्या दोन्ही मॉडेलांत तो निघतो. जुराच्या मशीनमध्ये निघत नाही, म्हणून पुण्यापासून अडीचशे किलोमीटरवर बसून ते घेऊ नये. आठवड्याला एकदा बटणाने मशीन बंद करून युनिट काढायचं, नळाखाली धुवायचं, वाळवून परत बसवायचं. साबण नको, त्याने ग्रीस निघून जातं. दोनेक महिन्यांनी सरकणाऱ्या भागांना खाद्यपदार्थांना चालणारं सिलिकॉन ग्रीस बोटाने अगदी पातळ लावायचं.

कॉफी उतरता उतरता लाईट गेली तर युनिट मध्येच अडकतं. तेव्हा ओढाताण केली की दांडी मोडलीच म्हणून समजा. लाईट आली की दार लावून मशीन चालू करा, ते स्वतः जागेवर येईल. मग बटणाने बंद करा, युनिट अलगद निघतं.

चोथ्याचा डबा मात्र मशीन चालू असताना रिकामा करा. बंद असताना केला तर ते मोजणीत धरलं जात नाही आणि रिकामा डबाही 'भरला' म्हणून मशीन अडून बसतं. डबा भरायची वाटही बघू नका. ओला चोथा आणि आतली ऊब, दोन-तीन दिवसांत बुरशी धरते.

खरेदीत एकच बघा: भारतातली वॉरंटी. परस्पर बाहेरून आणलेल्या मशीनला युरोपी पिन येते आणि सर्व्हिस सेंटर हात लावत नाही. आणि माणूस घरी येणार की मशीन तुम्हीच पुण्याला न्यायचं, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या. खोका आणि थर्माकोल टाकू नका.

साय_काढून:
दादा, चिकोरीचं उत्तर: नाही. बियांच्या डब्यात तर कसलीच पावडर घालायची नाही, ग्राइंडर बसतो. दळलेल्या कॉफीसाठी वेगळा खण असतो, पण चिकोरी पाण्यात विरघळून चिकट होते आणि ब्रू युनिटची जाळी तुंबवते. ती पावडर पितळी फिल्टरमध्येच संपवा.

बिया मध्यम भाजलेल्या घ्या. काळ्याभोर, तेलाने चकाकणाऱ्या बिया डब्याच्या उतारावर चिकटतात, मग डबा भरलेला असूनही मशीन 'बिया नाहीत' म्हणतं. साखर किंवा फ्लेवर लावलेल्या तर नकोच. आठ कप म्हणजे कपाला ८ ग्रॅम धरले तर महिन्याला दोन किलोच्या जवळ. हा खर्च मशीनच्या किमतीपेक्षा लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात डब्यात दोन दिवसांपुरत्याच घाला, बाकीच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधाऱ्या फडताळात. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्या की त्यांना ओल सुटते.

दुधासाठी मी लाटेगो म्हणेन. त्यात नळ्या नाहीत, दोन तुकडे सुटे होऊन धुतले जातात. मॅग्निफिकाच्या नळीने फेस हाताने करावा लागतो. तो जास्त चांगला होतो, पण सकाळच्या घाईत चार कपांना कोण करत बसणार? दूध फ्रिजमधलं गार हवं. म्हशीचं तापवलेलं दूध असेल तर साय काढून गाळूनच घाला, सायीचा एक तुकडा बारीक भोक बंद करतो.

विजापूर_रोड:
धन्यवाद. म्हणजे लाटेगो. एक शंका राहिली: डेमोला पाहिलं तेव्हा कॉफी पाणचट होती. ते मशीनच तसं का?

चोथा_बहाद्दर:
मशीनचा दोष नाही हो. नवीन मशीनचे पहिले पाच-सहा कप तसेच येतात, आणि दुकानात दळण जाडच ठेवलेलं असतं. बियांच्या डब्यातला खटका ग्राइंडर फिरत असतानाच वळवायचा, एका वेळी एकच घर बारीक. बंद असताना जोर लावला तर दातेरी चकत्यांवर ताण येतो. फरक दोन-तीन कपांनी दिसतो, तोवर पुढचं घर हलवू नका. धार पातळ, पिवळट आणि सुसाट असेल तर अजून बारीक. थेंबथेंब पडत असेल तर एक घर मागे. शिवाय एस्प्रेसोची मात्रा ३५-४० मिलिलिटरवर आणा. मोठा कप हवा असेल तर वरून गरम पाणी घाला. तेवढ्याच भुकटीतून १५० मिलिलिटर काढलं की ती कडू आणि पाणचट एकदमच होते.